पैशाची इच्छा, कल्पना आणि विश्वास: कृती लिहा, प्रमाण लिहा

टेकडीवाला
सोमवार, रात्री ९:१२

पुण्यात हल्ली दर शनिवार-रविवारी कुठल्यातरी हॉलमध्ये इच्छापूर्तीची कार्यशाळा असतेच. डोळे मिटा, फ्लॅट बघा, किल्ली हातात आली असं समजा, शंका घेऊ नका. त्याच हॉलबाहेरच्या टपरीवर या सगळ्याची टिंगल करणारेही तेवढेच. माझा प्रश्न या दोघांच्या मधला आहे. कल्पना करणं आणि विश्वास ठेवणं यानं माणसाच्या पैशाच्या व्यवहारात खरंच काही हलतं का? हलत असेल तर कुठल्या वाटेनं? आणि हलवायचं असेल तर रोज बसून नेमकं करायचं काय?

इथे मानसशास्त्रवाले आहेत, योगनिद्रावाले आहेत, हिशेबवाले आहेत, म्हणून धागा काढला. 'अचानक चेक आला' छापाचे किस्से कृपया नकोत, आणि नुसतं 'थोतांड' लिहून पळूही नका. कृती लिहा. किती मिनिटं, किती वेळा, कुठे बिघडतं, का बिघडतं.

चौकस
सोमवार, रात्री ९:२०

बाजारात तुरी… पुढचं सगळ्यांना पाठ आहे. तरी बसतो वाचत.

अंतरंग
सोमवार, रात्री ९:५८

पहिली गल्लत अशी होते की विश्वास आणि कल्पनारंजन एकाच माळेत ओवले जातात. दोघांचे परिणाम उलटे आहेत. 'मला नोकरी मिळेल' असं वाटणं ही अपेक्षा. ती आजवर जे जमलं त्यावर उभी असते. 'मिळालीच, केबिनमध्ये बसलोय, खाली गाडी उभी आहे' असं रंगवत बसणं हे कल्पनारंजन, त्याला मागच्या कामगिरीशी देणंघेणं नसतं. गॅब्रिएले ओटिंगेन आणि डोरिस मायर या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. पदवी संपवून नोकरी शोधणाऱ्यांना दोन वर्षांनी पुन्हा विचारलं. चांगली अपेक्षा असणाऱ्यांचं बरं चाललं होतं. गोड चित्रं जास्त रंगवणाऱ्यांनी मात्र अर्जच कमी पाठवले होते, त्यांना देकार कमी आले होते आणि पगारही कमी होता.

असं का होतं याचा धागा शरीरात सापडतो. ओटिंगेन आणि हेदर कॅप्स यांच्या २०११ च्या प्रयोगांत गोड चित्र रंगवल्यावर लोकांचा वरचा रक्तदाब उतरलेला दिसला. गोष्ट मिळाल्यासारखी वाटते, आणि ती मिळवायला लागणारा जोर तिथेच ओसरतो.

मग कल्पना करायचीच नाही का? करायची, फक्त कशाची ते बदलायचं. लिएन फाम आणि शेली टेलर यांचा १९९९ चा प्रयोग विद्यार्थ्यांवरचा आहे. परीक्षेआधी काही दिवस, रोज पाच मिनिटं. एका गटानं चांगले गुण लागल्याचं चित्र बघायचं, दुसऱ्यानं अभ्यासाला बसल्याचं: कुठल्या टेबलावर, कुठलं पुस्तक, टीव्ही बंद केलेला. दुसऱ्या गटानं अभ्यासही जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. निकालाचं चित्र बघणाऱ्यांचा अभ्यास उलट कमी भरला. परीक्षेच्या जागी बचत ठेवली तरी यंत्रणा तीच असावी असं मला वाटतं: किल्ली बघण्यापेक्षा महिन्याची रक्कम वळती करताना स्वतःला बघा.

संकल्पिता
सोमवार, रात्री १०:३१

अंतरंग, प्रयोग मान्य. पण निजतानाच्या कल्पनेला एवढ्यावरून बाद करू नका. ती नीट कशी करतात हेच बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून आधी कृती लिहिते.

योगनिद्रेत संकल्प असतो. वाक्य एकच, छोटं, होकारार्थी. सुरुवातीला तीनदा, शेवटी तीनदा, मनात. दर आठवड्याला वाक्य बदलणाऱ्यांचं काही होत नाही, कारण मग मन संकल्प निवडण्याच्या खेळात रमतं.

दृश्याची पद्धत वेगळी. उताणं पडा, हात अंगापासून थोडे दूर. दहा-बारा सावकाश श्वास, सोडताना थोडे लांब. डोळे जड झाले की एकच दृश्य घ्या, पाच ते दहा सेकंदांचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. तेच दृश्य, तीच वाक्यं, झोप लागेपर्यंत. स्पर्श आणि आवाज घ्या: कागदाची कड, खुर्चीचं लाकूड, समोरच्याचा एक शब्द.

बिघडतं ते बहुधा लांबीमुळे. दृश्य मिनिटाच्या पुढे गेलं की त्याचा सिनेमा होतो, त्यात नवी पात्रं येतात आणि झोप उडते. दुसरी अडचण रकमेची. आजच्या परिस्थितीपासून फार लांबची रक्कम घेतली की जबडा आवळला जातो, पोटात कळतं. तसं झालं तर रक्कम निम्मी करा, पुन्हा निम्मी करा, अंग सैल राहील इथपर्यंत या. तिसरी अडचण सांगायलाच नको, उशाशी फोन.

आणि कर्जाची किंवा भाड्याची चिंता डोक्यात भणभणत असेल तर त्या रात्री दृश्य घेऊच नका. आधी कागदावर आकडे उतरवा, मग नुसतं श्वासावर झोपा.

अंतरंग
सोमवार, रात्री १०:४९

निम्मी करत आणण्याचा भाग उत्तम. आता त्या दहा सेकंदांत काय ठेवायचं तेवढं बदला. लोक पैशाचे आकडे बघायचंच टाळतात. बाजार पडला की गुंतवणूकदार आपलं खातं उघडून कमी बघतात, हे कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी यांनी २००९ मध्ये दाखवलं आणि त्याला वाळूत डोकं खुपसणाऱ्या शहामृगाचं नाव दिलं. म्हणून निजतानाचं दृश्य हेच ठेवा: सकाळ आहे, ॲप उघडलं, शिल्लक दिसली, ती कमी आहे, तरी श्वास शांत आहे, खालची नोंद वाचली. शांत मनानं आकडा बघता येणं ही सवय झोपेच्या उंबरठ्यावर लावता येते, आणि ती पैशाच्या खरोखर उपयोगी पडते.

संकल्पिता
सोमवार, रात्री ११:०२

हे पटलं. ज्यांना ॲप नको त्यांनी पासबुक छापणाऱ्या मशीनचा आवाज घ्यावा.

मुठाकाठ
मंगळवार, सकाळी ७:४०

दृश्य स्वतःच्या डोळ्यांतून बघायचं की लांबून, स्वतःला चित्रात पाहत? कार्यशाळांमध्ये 'आतूनच' असा हट्ट असतो.

अंतरंग
मंगळवार, सकाळी ८:१५

कामावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या २००४ च्या निवडणुकीआधी लिसा लिबी आणि सहकाऱ्यांनी लोकांना मतदान करतानाचं स्वतःचं चित्र बघायला लावलं. बाहेरून, तिऱ्हाइताच्या नजरेनं बघणाऱ्यांपैकी जास्त जण प्रत्यक्ष मतदानाला गेले. बाहेरून बघितलं की 'मी असं करणारा माणूस आहे' हे ठसतं. म्हणून जे करायचं टाळलं जातंय (विम्याचे कागद वाचणं, उसने दिलेले पैसे परत मागणं) ते बाहेरून बघा. जिथे हातवारे, बोलणं, आवाज जमवायचा आहे, तिथे आतून. पगारवाढीची बोलणी हे आतून बघण्याचं काम: दार उघडलं, बसलो, पहिलं वाक्य, साहेब म्हणाले 'यंदा बजेट नाही', तीन सेकंद गप्प, मग दुसरं वाक्य. नकाराचा क्षण दृश्यात हवाच. तो गाळलात तर खऱ्या खोलीत तो पहिल्यांदाच भेटतो.

हिशेबनीस
मंगळवार, दुपारी १:२५

आता जरा पैशाबद्दल बोलू. इच्छा जोवर महिन्याच्या आकड्यात उतरत नाही तोवर तिची कल्पना करायला काही हातात नसतं. 'पुण्यात स्वतःचं घर' घेऊ. किंमत ७० लाख धरू, बांधकाम चालू असलेली इमारत.

कर्जाची रक्कम ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात असेल तर बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे कर्ज ५६ लाख, पदरचे १४ लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. मुद्रांक आणि नोंदणी बँक किमतीत धरत नाही, म्हणून ते पूर्ण खिशातून. बेरीज २२ लाख ७० हजार. फर्निचर, सोसायटीची आगाऊ वर्गणी हे अजून बाहेरच.

पाच वर्षांत हे जमवायचे तर पोस्टाच्या आरडीत (दरमहा ठरलेला हप्ता भरायची आवर्ती ठेव), ६.७ टक्के दरानं, महिन्याला सुमारे ३१,८०० रुपये. (१०,००० च्या हप्त्याचे पाच वर्षांनी ७ लाख १३ हजारांच्या वर होतात, त्यावरून काढलंय. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, खातं उघडताना बघून घ्या. व्याजावर कर लागतो.)

आता बघा नुसत्या माहितीनं काय होतं. घर फक्त बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत, म्हणजे ७० हजार वाचले. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण, राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेली इमारत घेतली तर जीएसटी नाही. दोन्ही मिळून गरज साडेअठरा लाखांवर येते आणि हप्ता सुमारे २५,९०० वर. महिन्याला जवळपास सहा हजारांचा फरक, तोही विश्वाला न विचारता.

चौकस
मंगळवार, दुपारी १:३८

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

नवखी
मंगळवार, दुपारी ३:०५

पण हातात येणारा पगार ६० हजार असेल तर ३१,८०० बाजूला काढायचे कसे? इथे विश्वास काय करणार?

हिशेबनीस
मंगळवार, दुपारी ४:१०

काही करणार नाही. त्या पगारावर ५६ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ताच ४८,६०० च्या आसपास येतो. बँक पगाराच्या साधारण निम्म्याच्या पुढे हप्ता जाऊ देत नाही. म्हणजे साठवणं जमलं तरी कर्ज मिळणार नाही. हीच इच्छा ४० लाखांच्या जुन्या, पुनर्विक्रीच्या एक बेडरूमच्या घरापर्यंत आणा: कर्ज ३२ लाख, हप्ता २७,८०० च्या आत, पदरचे ८ लाख अधिक मुद्रांक २ लाख ८० हजार अधिक नोंदणी ३० हजार, एकूण ११ लाख १० हजार. पाच वर्षांची आरडी महिन्याला १५,६०० च्या आत. हे ६० हजारांत अवघड आहे, पण अशक्य नाही.

अंतरंग
मंगळवार, सायंकाळी ६:३०

नवखी, हिशेबनीसांनी नकळत ओटिंगेन यांची पद्धतच वापरली. ती चार पायऱ्यांची आहे: इच्छा, फळ, अडथळा, योजना. पहिल्यांदा शांत बसून पंधरा मिनिटं, नंतर रोज तीन ते पाच पुरतात.

इच्छा एका ओळीत, मुदतीसह, अवघड पण शक्य अशी. मग तिचं सर्वांत चांगलं फळ डोळ्यांसमोर आणा, मिनिटभर, मनापासून. इथे गोड चित्राला पूर्ण मुभा आहे. लगेच पुढचा मिनिट अडथळ्याचा, तोही तेवढाच स्पष्ट बघायचा. क्रम उलटा करू नका. आधी अडथळा आणि मग फळ असं केलं की परिणाम दिसत नाही, कारण अडथळा हा फळाच्या वाटेवरचा आहे हे मनात जोडलंच जात नाही.

सगळ्यात जास्त चूक अडथळा निवडताना होते. लोक लिहितात: पगार कमी, महागाई, नशीब. हे असतील, पण यांच्यावर योजना करता येत नाही. आतला अडथळा शोधा. 'पगार जमा झाल्यावर पहिले चार दिवस हात सैल सुटतो.' 'घरी कोणी मागितले तर नाही म्हणता येत नाही.' 'आकडा बघायची भीती वाटते.' मिळेपर्यंत 'मग खरं अडतं कुठे?' हे तीन-चारदा विचारा.

या पद्धतीचं एक अंग कार्यशाळेत कधी सांगत नाहीत. अपेक्षा मुळातच कमी असेल तर फळ आणि अडथळा शेजारी ठेवल्यावर माणूस ती इच्छा सोडून देतो. ७० लाखांचं घर सोडून ४० लाखांच्या घराला लागणं हा पद्धतीचा अपेक्षित परिणाम आहे. 'शंका घेऊ नका' म्हणणारे नेमकं हेच दार बंद करतात, आणि मग माणूस न जमणाऱ्या इच्छेवर वर्षं घालवतो.

योजना म्हणजे 'जर… तर…' वाक्य. पेटर गोलविट्झर यांनी याचा बराच अभ्यास केलाय, १९९९ चा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. 'जर'मध्ये ठिकाण किंवा वेळ हवी, 'तर'मध्ये एकच हालचाल.

मुठाकाठ
मंगळवार, रात्री ८:४४

नमुने द्या की. 'मी कमी खर्च करेन' चालेल का?

अंतरंग
मंगळवार, रात्री ९:१०

नाही, त्यात ना जागा आहे ना हालचाल. असे लिहा:

जर पगार जमा झाल्याचा मेसेज आला, तर त्याच बसण्यात आरडीचे पैसे वळते करीन.
जर लक्ष्मी रोडवर सेलची पाटी दिसली, तर यादी उघडीन. वस्तू यादीत नसेल तर पुढे चालायला लागेन.
जर रात्री दहानंतर खाण्याचं ॲप उघडलं, तर बंद करून पाणी पिईन.
जर मित्र म्हणाला 'एक स्कीम आहे', तर 'लेखी पाठव, आठ दिवसांनी सांगतो' म्हणीन.

एका इच्छेला एक किंवा दोनच. दहा वाक्यं लिहिली की एकही आठवत नाही. आणि वाक्य तीनदा हळू म्हणा, दर वेळी 'जर'चा प्रसंग डोळ्यांनी बघत. कल्पनाशक्तीचा खरा पगार इथे मिळतो.

स्वल्पविराम
मंगळवार, रात्री १०:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). स्वयंसूचनांचं काय? 'मी करोडपती आहे' रोज शंभरदा?

संकल्पिता
बुधवार, सकाळी ६:५०

स्वयंसूचनेचा मूळ पुरुष एमिल कुए, फ्रान्समधला औषधविक्रेता, १८५७ ते १९२६. त्याची पद्धत अगदी साधी होती: वीस गाठींची दोरी, झोपताना आणि उठल्यावर पुटपुटल्यासारखं वीस वेळा एकच वाक्य, दर वेळी एक गाठ बोटांतून सरकवायची. वाक्याचा आशय एवढाच की दिवसेंदिवस सर्व बाबतींत मी सुधारतोय. त्यात रक्कम नाही, तारीख नाही, आणि 'झालोच' असा दावाही नाही. त्याचं सांगणं होतं की इच्छाशक्ती आणि कल्पना भांडल्या तर कल्पनाच जिंकते. 'मी करोडपती आहे' म्हटल्याबरोबर मन उत्तर देतं: खोटं. तुम्ही शंभरदा म्हणालात तर ते शंभरदा उत्तर देतं.

अंतरंग
बुधवार, सकाळी ८:०५

याला प्रयोगही आहे. जोआन वुड आणि सहकारी, २००९. स्वतःबद्दल आधीच हलकं मत असणाऱ्यांनी 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं घोकलं तर त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्यांना आधार हवा त्यांच्यावरच उलटतं. म्हणून वाक्य खरं आणि चालू क्रियेचं ठेवा: 'मी दर महिन्याला आधी बाजूला काढतो, मग खर्च करतो.' पहिला हप्ता भरल्याशिवाय हेही म्हणू नका. भरल्यावर म्हटलं की मन खोटं पाडू शकत नाही.

चौकस
बुधवार, सकाळी ९:३०

आणि ती ३-६-९ वाली वही? सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा. म्हणे टेस्लाचा फॉर्म्युला.

अंतरंग
बुधवार, सकाळी ९:५५

टेस्लानं पैसे ओढायची कुठलीही वही सांगितलेली नाही. अठरा ओळी लिहायला दिवसाची वीसेक मिनिटं जातात. लिहायचंच असेल तर सकाळच्या तीन ओळीत आज करायचं पैशाचं एक काम लिहा, दुपारी सहा खर्च, रात्री बाकीचे खर्च. आकडा पाळायची हौसही भागते आणि खर्चाची नोंदवहीही तयार होते.

व्हिजन बोर्डचं तसंच. गाड्यांची कात्रणं लावलेला बोर्ड आठवडाभरानं भिंतीचा रंग होऊन जातो, डोळ्यांना दिसेनासा होतो. त्यावर साठ चौकोनांचा तक्ता काढा, हप्ता भरला की एक चौकोन रंगवा. घराचं चित्र एकच, कोपऱ्यात, छोटं.

मुठाकाठ
बुधवार, दुपारी १२:१५

क्रेडिट कार्डाच्या कर्जात बुडालेल्यानं काय कल्पना करायची? 'कर्जमुक्त आहे' असं?

हिशेबनीस
बुधवार, दुपारी २:४०

आधी हा हिशेब बघू दे. थकबाकी १ लाख २० हजार, व्याज महिना साडेतीन टक्के: ४,२०० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी ७५६. किमान देय ५ टक्के धरलं तर ६,००० भरले. त्यातले ४,९५६ व्याजात आणि करात गेले, मुद्दल उतरलं १,०४४ नं. मधे काही खरेदी केली असेल तर तीवर बिनव्याजी मुदतही मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज.

हीच थकबाकी १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात दोन वर्षांसाठी बदलली तर हप्ता सुमारे ५,७६०. भरायचे जवळपास तेवढेच, पण चोवीस महिन्यांत विषय संपतो. प्रक्रिया शुल्क विचारून घ्या. आणि बदलल्यावर कार्ड घरी ठेवा, नाहीतर वर्षभरात दोन्ही कर्जं अंगावर बसतात. हे फारच वारंवार होतं.

तर कल्पना करायची ती बँकेत बसून 'माझं कार्डाचं कर्ज बदलून मिळेल का' हे वाक्य मोठ्यानं विचारण्याची. बहुतेकांचं घोडं लाजेपाशी अडतं, आकड्यापाशी क्वचित.

संकल्पिता
बुधवार, सायंकाळी ५:२०

लाजेसाठी ते वरचं बाहेरून बघण्याचं दृश्य घ्या. बँकेत एक माणूस बसलाय, विचारतोय, समोरची बाई फॉर्म काढून देतेय. बस, एवढंच.

टेकडीवाला
बुधवार, रात्री ८:००

फार उपयोगी चाललंय. पाडव्याला, लक्ष्मीपूजनाला सुरुवात करण्याला काही अर्थ आहे का? की तोही मुहूर्ताचा हट्ट?

अंतरंग
बुधवार, रात्री ८:३५

अर्थ आहे. नव्या आठवड्याच्या, नव्या सत्राच्या, वाढदिवसानंतरच्या दिवसांत लोक व्यायामशाळेत जास्त जातात, हे डाय, मिल्कमन आणि रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं. जुनं खातं मिटलं, नवं उघडलं अशी भावना येते. आपल्याकडे वहीपूजनात ती आयतीच आहे. फक्त वही पूजली की तिच्यात त्याच रात्री पहिली नोंद करा आणि हप्त्याची सूचना बँकेला देऊन टाका, कारण ही उभारी टिकत नाही. ती आहे तोवर एकदाच करायची कामं उरकून घ्यायची.

आणखी एक, पगारदारांसाठी. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांच्या २००४ च्या लेखातली योजना अशी: आजच्या पगारातून काही कापू नका, पुढच्या पगारवाढीतून कापायला आजच होकार द्या. पहिल्या कंपनीत चाळीस महिन्यांत सहभागी लोकांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. भविष्यातला पैसा सोडायला आज जड जात नाही. कल्पनेचा हा दुबळेपणा असा कामाला लावता येतो. आपल्याकडे एसआयपीला (म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीला) वार्षिक वाढीचा पर्याय असतो, तो पगारवाढीच्या पुढच्या महिन्याला लावा.

स्वल्पविराम
बुधवार, रात्री ९:१५

म्हातारपणाच्या बचतीला काही? तिथे तर कल्पनाच पोहोचत नाही.

अंतरंग
बुधवार, रात्री ९:४०

हॅल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोकांना स्वतःचा म्हातारा केलेला चेहरा दाखवला. त्यांनी निवृत्तीसाठी जास्त रक्कम बाजूला काढायची तयारी दाखवली. फोनवर चेहरा म्हातारा करणारी ॲप आहेत, पण अनोळखी ॲपला फोटो देण्यापेक्षा सत्तर वर्षांच्या स्वतःला दहा ओळींचं पत्र लिहा. कुठे राहतो, दुपारी काय जेवतो, औषधं कोण आणतं. मोघम 'सुखी असशील' लिहिलंत तर काही होणार नाही.

चौकस
गुरुवार, सकाळी १०:१०

गंभीरपणे एक विचारतो. कार्यशाळेत पैसे भरणाऱ्यानं धोका कुठे ओळखायचा?

हिशेबनीस
गुरुवार, सकाळी ११:३०

तीन ठिकाणी थांबा. 'तुमची ऊर्जा अडली आहे, पुढच्या पातळीला या' असं म्हणून फी वाढली की. परताव्याची अट लेखी द्यायला टाळाटाळ झाली की. आणि सर्वांत वाईट, कल्पनेचा वर्ग संपून शेवटी गुंतवणुकीची 'संधी' निघाली की. खात्रीशीर परताव्याचं आश्वासन देणारा सल्लागार नियमात बसतच नाही. सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक शोधा, नावावर विसंबू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, जितका लवकर तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठण्याची शक्यता जास्त.

मुठाकाठ
गुरुवार, दुपारी १२:०५

पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. कल्पना शिकवणं हा गुन्हा नाही. पण चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. कायद्यानं दक्षता अधिकारी नेमलेले असतात, पोलीस निरीक्षक किंवा वरचे, तक्रार त्यांच्याकडे नेता येते. ज्या माणसानं यासाठी आयुष्य घातलं त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला, हे पुणेकरांना सांगायला नको.

नवखी
गुरुवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. आरडी सुरू केली आणि मधे एखादा महिना जमलंच नाही, तर? तिथेच विश्वास तुटतो.

हिशेबनीस
गुरुवार, रात्री ९:३०

पोस्टात चुकलेल्या हप्त्याला शंभर रुपयांमागे महिना एक रुपया दंड. १५,००० च्या हप्त्याला १५० रुपये. लागोपाठ चार हप्ते चुकले तर खातं बंद पडतं, तिथून दोन महिन्यांत पुन्हा चालू करून घेता येतं. मोडायचंच झालं तर तीन वर्षांनंतर, आणि मग व्याज फक्त बचत खात्याच्या दरानं. बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, अडचणीत ते घ्या, खातं मोडू नका.

खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर पुढचे हप्ते १५ पर्यंत, नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. पगार महिन्याच्या सुरुवातीला होत असेल तर १५ च्या आत उघडा, म्हणजे पैसे हातात फार दिवस खेळत नाहीत. आणि १५,६०० चं एक खातं काढण्याऐवजी १०,०००, ३,००० आणि २,६०० अशी तीन काढा. वाईट महिन्यात छोटं चुकतं, मोठं चालू राहतं. रांग टाळायची असेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरून तिन्ही भरता येतात.